घोड्यांच्या टापा, चेंडूची उसळी

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने शेजारी-शेजारी आहेत. समोर समुद्र, मागे लोकलचे रूळ. इतक्या मोक्याच्या सरकारी जागेवर क्रिकेट धर्मवार कसं वसलं, याचं मूळ घोड्यांच्या खेळात आहे.

१८७५ साली गोऱ्यांनी बॉम्बे जिमखाना काढला. आजच्या आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला त्यांची स्वतःची, नीट राखलेली क्रिकेटची जागा होती. उरलेल्या मोकळ्या मैदानात पारशी, हिंदू, मुसलमान पोरं आपापले स्टंप रोवत. साहेबांना पोलोची हौस आली, तेव्हा घोडे उतरले ते याच उरलेल्या मैदानात. आपल्या हिरवळीवर मात्र त्यांनी एक टाप पडू दिली नाही! पोलो खेळणारे मूठभर, तेही आठवड्यातून मोजक्या वेळा. पण उखडलेल्या जमिनीवर पुढचा चेंडू गुडघ्याला लागेल की कपाळाला, याचा नेम नसे.

१८८१ मध्ये क्रिकेटवाल्यांनी सरकारकडे अर्ज केला. त्याखाली तिन्ही समाजांच्या शेकडो सह्या होत्या. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या सरकारने पोलो कूपरेज मैदानावर हलवण्याचा हुकूम काढला. जिमखान्याने रदबदली केली आणि हुकूम फिरला. हा सगळा झगडा शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटवेड्याने १८९७च्या पुस्तकात सविस्तर, आणि चांगलाच चिडून, लिहून ठेवला आहे.

मग पारशांनी १८८५ मध्ये स्वतःचा जिमखाना स्थापला आणि किनाऱ्यावर भराव घालून केलेल्या जमिनीवर त्यांना जागा मिळाली. १८९० मध्ये त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला चार गडी राखून हरवलं, तेही बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर. पारशांना जागा दिल्यावर इतरांना नाही कसं म्हणणार? गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत मुसलमानांना आणि हिंदूंनाही भूखंड मिळाले. अर्ज सगळ्यांनी मिळून केला होता. जमीन आली ती धर्मवार वाटून. सरकारला हे सोयीचंच होतं, आणि घेणाऱ्यांनीही खळखळ केली नाही.

सामनेही त्याच वाटणीने रंगले. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले, १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ. गर्दी तुफान लोटायची. १९४० मध्ये गांधीजींनी नापसंती जाहीर केली, तरी स्पर्धा १९४६पर्यंत तग धरून होती.

धर्माच्या या वाटणीच्या आत जातीचीही वाटणी होती. हिंदूंचा सर्वांत भेदक गोलंदाज होता पळवणकर बाळू, चांभार समाजातला. १९०६ मध्ये युरोपियनांना हरवण्यात त्याच्या डावखुऱ्या फिरकीचा मोठा वाटा होता. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी रीतसर मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.