श्वासाचं जिम

सिक्स पॅक्स मिरवायला छान, पण पोटाजवळचा सगळ्यात कामसू स्नायू आरशात दिसतच नाही. डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल. माझी त्याच्याशी ओळख झाली बाबांमुळे. स्ट्रोकनंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि घरात एकच प्रश्न : चालणार कधी? फिजिओ मॅडम म्हणाल्या, 'आधी नीट बसू तर देत!'

खरंच, उशीचा टेकू काढला की बाबा कलंडायचे. आमचं सगळं लक्ष हातापायांकडे. धडाकडे बघतंय कोण?

एक डबा डोळ्यांसमोर आणा. झाकण म्हणजे श्वासपटल, तळाला ओटीपोटाचे स्नायू, भोवती पोटाचे आणि मणक्यालगतचे खोल स्नायू. सगळे एकदम आवळले की आत दाब तयार होतो आणि कण्याला आधार मिळतो. पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की आपण झटकन हात उचलतो तेव्हा श्वासपटल खांद्याच्या स्नायूच्याही आधी कामाला लागतं. आहे ना भन्नाट? अर्धांगवायूत लुळ्या बाजूचं श्वासपटलही मंदावू शकतं. मग बसणं डळमळीत आणि खोकला फुसका. यातला खोकला जास्त धोक्याचा, कारण कफ साचला की न्यूमोनियाची भीती.

मॅडमनी आणलेलं यंत्र मुठीएवढं. आत स्प्रिंगची झडप. ठरावीक जोर लावून श्वास ओढल्याशिवाय ती उघडतच नाही. (कोविडमध्ये घरोघरी आलेलं तीन बॉलचं यंत्र वेगळं हं!) बाबांचा जास्तीत जास्त जोर मोजून त्याच्या ३० टक्क्यांवर सुरुवात केली. वाकड्या ओठांतून हवा निसटायची, म्हणून आई बोटांनी ओठ दाबून धरायची. 'काका, खांदे नका उचलू, पोट फुगू दे,' मॅडमचा सतत घोशा. जोडीला बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना झुकून वस्तू उचलणं. हे कंटाळवाणं, पण टाळायचं नाही.

सहाव्या आठवड्यात बाबा पलंगाच्या कडेला टेकूविना बसून चहा प्यायले. श्रेय यंत्राचं की झुकण्याच्या व्यायामाचं? दोन्हींचं असावं. श्वासाच्या स्नायूंची ताकद यंत्रानं वाढते, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. धडाच्या तोलावरचे अभ्यास मात्र छोटे आहेत.

आणि हो, ऑनलाइन मिळतं म्हणून लगेच ऑर्डर करू नका. बीपी आटोक्यात नसेल किंवा फुप्फुसाला पूर्वी इजा झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम करताना चक्कर आली तर तिथेच थांबा.