ते पत्र दप्तरात ठेवू नका

पार्सिपनीतल्या गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या रांगेत, एका ताईंनी मला हळूच बाजूला बोलावले. "मुलाला डिस्लेक्सिया आहे. सप्टेंबरपासून कॉलेजात जाईल. तुम्ही शिकवता म्हणून विचारते, कुणाला न सांगता निभावेल ना?"

मी जवळच्याच एका कॉलेजात संध्याकाळी संख्याशास्त्र शिकवतो. त्यांना म्हटले, न सांगता फार अवघड जाते. हायस्कूलपर्यंत अडचण ओळखून मदत करणे ही शाळेची जबाबदारी असते. तो १९७५ सालापासूनचा कायदा. पण हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर आय.ई.पी. संपते. कॉलेजला १९७३ च्या कायद्याचे ५०४ वे कलम आणि १९९० चा 'ए.डी.ए.' लागू होतो. सोय मिळण्याचा हक्क आहे, पण ती मागायची विद्यार्थ्याने. आईने फोन करून भागत नाही. मुलाच्या संमतीशिवाय मी त्याच्याबद्दल बोलूही शकत नाही.

विद्यार्थ्याने कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसात कागदपत्रे द्यायची. ते तपासून आम्हा शिक्षकांसाठी पत्र देतात. त्यात सहसा आजाराचे नाव नसते; परीक्षेला दीडपट वेळ, शांत खोली, नोट्स घेणारा सोबती, एवढेच. आपण याला 'सवलत' म्हणतो, मला तो शब्द पटत नाही. प्रश्नपत्रिका तीच, तपासणीही तीच.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आपल्यातलीच एक मुलगी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्या बाकावर बसायची, हुशार वाटायची, आणि मिडटर्मला नापास झाली. पेपर घ्यायला आली तेव्हा तिने दप्तरातून घडी पडलेले पत्र काढले. तिला कमी ऐकू येत होते. ओठांच्या हालचालींवरून ती समजून घ्यायची. आणि मी पंधरा वर्षे फळ्याकडे तोंड करून बोलत आलो होतो! पत्र सप्टेंबरपासून दप्तरात होते. "पुढे नोकरीच्या आड येईल," असे घरी सांगितले होते म्हणे. वास्तविक ट्रान्सक्रिप्टवर याचा उल्लेख नसतो.

झालेली परीक्षा मला बदलता आली नाही. सोय साधारणपणे पत्र दिल्यापासून पुढेच लागू होते. स्वतःला मात्र बदलता आले. आधी लिहायचे, मग वळून बोलायचे. मागच्या बाकावरून प्रश्न आला तर तो मोठ्याने पुन्हा सांगायचा. व्हिडिओला कॅप्शन, नोट्स आदल्या दिवशी. पत्राबद्दल वर्गात चकार शब्द नाही. गंमत म्हणजे दिवसभर नोकरी करून येणारे इतर विद्यार्थीही या नोट्सवर खूश झाले.

आता पैशाचे. कॉलेज नवी तपासणी स्वखर्चाने करून देण्यास बांधील नाही, आणि खासगी तपासणीला हजारो डॉलर लागू शकतात. आय.ई.पी. असलेल्या मुलाची फेरतपासणी सरकारी शाळा साधारण दर तीन वर्षांनी विनामूल्य करते. म्हणून बारावीच्या सुरुवातीलाच लेखी मागणी करा आणि अहवालाची प्रत घरी ठेवा. कोणते कागद चालतील, हे त्या कॉलेजला आधी विचारा.

त्या मुलीला शेवटी 'बी' मिळाला. मिडटर्म सोडली तर तिचे सगळे पेपर 'ए' चे होते.