पडद्यावरचा फोन आणि बांधावरचा फोन

जळगांवहून भुसावळकडे जातांना हमरस्त्यावर नशिराबाद लागतें. श्रोतेहो, तेथील एक शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलनें आपल्या कपाशीचें छायाचित्र काढीत आहे, असें क्षणभर डोळ्यांपुढें आणा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळें पिकाची नोंद शेतकऱ्यास स्वतः करतां येते. ती सातबाऱ्यावर चढते आणि नुकसानभरपाईच्या वेळीं तिचाच आधार घेतला जातो. तेव्हां असें एखादें ॲप शेतांत अडलें, तर तो केवळ यंत्राचा बिघाड राहत नाहीं.

ॲप रचणारा मनुष्य बहुधा शहरांतील खोलींत बसलेला असतो. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर फोनची एक नक्कल चालते. तिला एम्युलेटर म्हणतात. सोय मोठी खरी, पण ही नक्कल फार आज्ञाधारक! कांहीं सांगितलें नाहीं, तर अँड्रॉइडचा एम्युलेटर आपण कॅलिफोर्नियांत माउंटन व्ह्यू येथें, म्हणजे गूगलच्या दारांतच, उभे आहों असें धरून चालतो. नशिराबादचे अक्षांश-रेखांश दिले, कीं तत्क्षणीं तो नशिराबादेस येतो. खऱ्या फोनला हें इतकें सोपें नसतें. स्थान दाखविणारा प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनीं पुन्हा पाठवितो. इंटरनेट चांगलें असल्यास फोन ती तेथून चटकन मिळवितो. नसल्यास आकाशाकडे कान लावून थांबणें आलें. ॲपनें १० सेकंदांतच धीर सोडला, तर शहरांत तें निर्दोष ठरेल आणि बांधावर हात वर करील.

म्हणून रचना चालूं असतांनाच खरा फोन तारेनें संगणकास जोडावा. अँड्रॉइडमध्यें त्याची किल्ली मोठी गंमतीची आहे. सेटिंगमधील 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळां बोट टेकविलें, कीं 'डेव्हलपर ऑप्शन्स' हें दालन प्रकट होतें. त्यांत 'यूएसबी डीबगिंग' सुरू केलें, कीं या संगणकावर विश्वास ठेवूं काय, असें फोन विचारतो. संगणक आपला असेल तरच होकार द्यावा, आणि काम संपतांच हें दार लावून घ्यावें.

या कामीं नवा, महागडा फोन घेण्याचा मोह होतो. माझ्या मतें जुना, कमी मेमरीचाच बरा. शेतकऱ्याच्या खिशांत बहुधा तोच असतो. आणखी एक खुबी ध्यानांत ठेवावी. एकदां स्थान मिळालेला फोन उपग्रहांची तीच माहिती पुढें कांहीं तास वापरतो, व परीक्षा फुकट सोपी होते. यास्तव फोन रात्रभर बंद ठेवावा, आणि सकाळीं मोकळ्या मैदानांत, इंटरनेट बंद करून, ॲप प्रथमच उघडावें.