इंग्रजी शिकावी कशी? अमेरिकन ग्रंथकारांची साक्ष

हायस्कूलमध्यें येणाऱ्या मुलाच्या दप्तरांत इंग्रजीचें क्रमिक पुस्तक एक असतें आणि त्या पुस्तकावरील गाइडें दोन असतात. धड्याचें मराठी भाषांतर, शब्दांचे अर्थ, प्रश्नांचीं उत्तरें, नमुन्याचे निबंध, फार काय, मित्रास लिहावयाचें पत्रसुद्धां त्यांत तयार असतें. आतां तर यंत्रास विषय सांगितला कीं तें क्षणार्धांत निबंध लिहून देतें. मुलगा हें सर्व पाठ करितो, परीक्षेंत बरे गुण मिळवितो, आणि पुढें कॉलेजांत किंवा कचेरींत कोणीं इंग्रजींत साधा प्रश्न विचारला तर खालीं मान घालून उभा राहतो. पालकांनीं पोटास चिमटा घेऊन फी भरलेली असते. मुलानें रात्र रात्र जागून पाठांतर केलेलें असतें. श्रमांत कोणींच कसूर केलेली नसते. मग भाषा कां येत नाहीं? हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा आहे, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या मतें याचें मुख्य कारण असें कीं, भाषा हा साठवून ठेवण्याचा माल आहे अशी आपली समजूत झालेली आहे. वास्तविक ती एक कारागिरी आहे. सुताराचा मुलगा रंधा कसा धरावा याचें वर्णन पाठ करीत बसत नाहीं. तो रंधा हातीं घेतो, लांकूड बिघडवितो, बापाच्या कामाशीं आपलें काम ताडून पाहतो आणि पुन्हां रंधा चालवितो. दुसऱ्यानें केलेली खुर्ची आपली म्हणून दाखविल्यानें कोणी सुतार होत नाहीं, तसेंच दुसऱ्यानें लिहिलेलें उत्तर उतरून काढल्यानें कोणास भाषा येत नाहीं.

हायस्कुलांतील मुलांस इंग्रजी शिकवितांना अमेरिकन वाङ्मयाचा विशेष उपयोग होतो तो याच ठिकाणीं. त्या देशाच्या नामांकित लेखकांपैकीं व वक्त्यांपैकीं कित्येकांस शाळेचा लाभ फार थोडा झाला, आणि कांहींनीं आपण भाषा कशी मिळविली हें स्वतःच लिहून ठेविलें. त्यामुळें त्यांच्या पुस्तकांतून वाङ्मयही शिकतां येतें आणि शिकण्याची रीतही कळते.

भाषेचीं अंगें चार: ऐकणें, बोलणें, वाचणें व लिहिणें. या चोहोंच्या मुळाशीं शब्द असतात, म्हणून शब्दांपासूनच आरंभ करूं.

हेलन केलर यांचा जन्म १८८० सालीं अलाबामा संस्थानांत झाला. एकोणीस महिन्यांच्या असतां एका आजारानें त्यांची दृष्टि व श्रवणशक्ति या दोन्ही गेल्या. १८८७ च्या मार्च महिन्यांत ॲन सलिव्हन नांवाच्या तरुण शिक्षिका त्यांच्या घरीं आल्या आणि मुलीच्या तळहातावर बोटांच्या खुणांनीं शब्द काढूं लागल्या. मुलगी त्या खुणा हुबेहूब परत करी, परंतु तें निव्वळ अनुकरण होतें. पाणी आणि पाण्याचें भांडें यांच्या नांवांचा तिचा सारखा घोटाळा होई. अखेर एके दिवशीं शिक्षिकेनें तिचा एक हात पंपाच्या धारेखालीं धरिला व दुसऱ्या हातावर पाण्याचें इंग्रजी नांव काढलें. त्या क्षणीं मुलीस उमगलें कीं या खुणा म्हणजे त्या गार, वाहत्या वस्तूचें नांव होय, आणि जगांतील प्रत्येक वस्तूस असेंच नांव आहे! १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं हा प्रसंग वर्णिला आहे.

या प्रसंगाचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानीं घ्यावें. एका बाजूस इंग्रजी शब्द व दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ अशी लांबलचक यादी घोकणें म्हणजे पाण्यास न शिवतां नुसत्या खुणा करणें होय. मराठींत आपण भाकरी खातों, हवा खातों आणि मारही खातों. इंग्रजीतील ‘ईट’ हें क्रियापद भाकरीस लागतें. हवेस व मारास लागत नाहीं. यादी हें सांगत नाहीं, वाक्य सांगतें. म्हणून नवीन शब्द आला कीं प्रथम मागच्यापुढच्या वाक्यांवरून त्याच्या अर्थाचा तर्क करावा, मग कोश उघडून तर्क पडताळून पाहावा, आणि शेवटीं आपल्या घरांतील, शेतांतील किंवा आळींतील एखाद्या गोष्टीविषयीं तो शब्द घालून एक वाक्य स्वतः लिहावें. असे रोज तीनच शब्द मिळाले तरी ते कायमचे आपले होतात.

आतां वाचनाकडे वळूं. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँड संस्थानांत गुलाम म्हणून जन्मले. बालपणीं बाल्टिमोर शहरांत ज्या घरीं ते चाकरीस होते, तेथील मालकिणीनें त्यांस मुळाक्षरें व लहान लहान शब्द शिकविण्यास आरंभ केला. मालकास हें कळतांच त्यानें तें शिकविणें बंद पाडलें. गुलामास वाचतां येऊं लागलें कीं तो गुलामगिरीच्या कामाचा राहत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. तें बोलणें मुलानें ऐकलें, आणि वाचनाची खरी किंमत त्यास त्या दिवशीं कळली. पुढें तो घरांतील पाव बरोबर घेऊन बाहेर पडे, रस्त्यांतील गरीब व भुकेल्या गोऱ्या मुलांस तो देई आणि त्यांच्याकडून धडा घेई. जहाजांच्या कारखान्यांत लांकडांवर सुतार अक्षरें लिहीत, तीं पाहून तो लिहावयास शिकला. कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत व फरसबंदी हीच त्याची वही आणि खडूचा तुकडा हीच लेखणी होती. १८३८ सालीं त्यांनीं गुलामगिरींतून पलायन केलें आणि १८४५ सालीं आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. आपल्याकडेही अमेरिकेंतील दास्यमुक्तीच्या या लढ्याची जाणीव होती. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला.

ज्या घरीं आईबापांस इंग्रजी येत नाहीं, त्या घरच्या मुलास पुष्कळ वेळां वाटतें कीं आपल्याला कोण सांगणार? अशा मुलानें डग्लस यांचें पुस्तक अवश्य वाचावें. त्यांस गुरु नव्हता म्हणून त्यांनीं साऱ्या रस्त्यालाच गुरु केलें. वर्गांत आम्ही त्यांच्या पुस्तकांतील एखादें प्रकरण घेतों तेव्हां पहिल्या वाचनीं कोणास थांबूं देत नाहीं. अडलेला शब्द सोडून पुढें जावयाचें व शेवटीं काय घडलें तें आपल्या शब्दांत सांगावयाचें. तें मराठींत सांगितलें तरी चालतें. दुसऱ्या वाचनीं अडलेले शब्द पाहावयाचे, आणि तिसऱ्या वाचनीं लेखकानें एखादी गोष्ट अशीच कां सांगितली हा प्रश्न विचारावयाचा. पुढें काय झालें हें जाणण्याची ओढ मुलास लागली कीं कठीण वाक्यही तो हट्टानें सोडवितो. ही ओढ गाइडांत मिळत नाहीं, कारण तेथें सर्व आधींच सांगून टाकलेलें असतें.

लेखनाची उत्तम रीत बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं घालून दिली आहे. त्यांचा जन्म १७०६ सालीं बोस्टन शहरांत झाला. वडील मेणबत्त्या व साबण करणारे; मुलाची शाळा दहाव्या वर्षींच सुटली, आणि बाराव्या वर्षीं तो वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. एका मित्राशीं त्याचा पत्रांनीं वाद चालला होता. तीं पत्रें सहज वडिलांच्या हातीं पडलीं. वादांत कोण बरोबर याविषयीं वडील कांहींच बोलले नाहींत. तुझें शुद्धलेखन व विरामचिन्हें मित्रापेक्षां चांगलीं आहेत, परंतु भाषेचा डौल, मांडणी व स्पष्टता यांत तूं कमी पडतोस, असें त्यांनीं उदाहरणें दाखवून सांगितलें. मुलास तें पटलें.

पुढें त्याच्या हातीं ‘स्पेक्टेटर’ या इंग्लंडांतील निबंधपत्राचा एक सुटा भाग आला. त्यांतील एक निबंध घेऊन प्रत्येक वाक्याच्या आशयाची तो एक त्रोटक खूण लिहून ठेवी. कांहीं दिवस जाऊं देई. मग पुस्तक मिटून, केवळ त्या खुणांवरून साऱ्या निबंधाची फिरून रचना करी, आणि शेवटीं मूळ निबंधाशीं ताडून आपले दोष दुरुस्त करी. शब्दांचा सांठा अपुरा आहे असें दिसतांच त्यानें कांहीं गोष्टी पद्यांत घातल्या व मूळ गद्य विसरल्यावर त्या पुन्हां गद्यांत आणल्या. कधीं तो त्या खुणांचे कागद मुद्दाम उलटसुलट करी व कांहीं आठवड्यांनीं त्यांचा योग्य क्रम लावी. त्यायोगें विचारांची मांडणी साधली. हा सर्व उद्योग कामाच्या आधीं पहांटे, काम संपल्यावर रात्रीं, किंवा रविवारीं चाले.

या रीतीस खर्च नाहीं. एक पान गद्य, एक वही आणि चार दिवसांचा धीर एवढेंच लागतें. मूळ लेखकाहून आपण कोठें कमी पडलों हें मुलास स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें, आणि जो दोष आपण स्वतः शोधला तो शिक्षकाच्या तांबड्या शाईहून अधिक लक्षांत राहतो. यंत्राकडून निबंध लिहवून घेणाऱ्या मुलास नेमका हाच लाभ होत नाहीं. निबंध त्याच्या हातीं पडतो, परंतु तुलना करावयास त्याचें स्वतःचें असें कांहींच नसतें.

बोलण्यासंबंधीं एक चुकीची समजूत अशी आहे कीं लांब शब्द व लांब वाक्यें म्हणजे चांगली इंग्रजी. १८६३ च्या नोव्हेंबरच्या १९ तारखेस गेटिसबर्ग येथील रणभूमीवर सैनिकांच्या दफनभूमीचा समारंभ झाला. त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट हे दोन तास बोलले. त्यांच्यामागून अध्यक्ष अब्राहम लिंकन उठले. त्यांचें भाषण सुमारें २७० शब्दांचें, म्हणजे दोनतीन मिनिटांचें होतें. आज जग तेंच वाचतें. लिंकन यांचें सारें शाळाशिक्षण एकत्र केलें तरी एक वर्षाचें भरत नव्हतें. तें भाषण मुलांनीं मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें वाचलेलें डोळे मिटून ऐकावें, आणि कोठें थांबावें व कोणत्या शब्दावर जोर द्यावा हें कानानें ठरवावें. नंतर आपल्या गांवच्या विहिरीविषयीं किंवा शाळेच्या वाटेविषयीं दहाच वाक्यें उभें राहून बोलावीं. दहा वाक्यें नीट बोलतां आलीं म्हणजे भीड चेपते.

येथें विद्यार्थी एक शंका काढतात. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरींत व्याकरणाचे नियम पदोपदीं मोडलेले दिसतात. मग आमच्याच चुका कां धरतां? त्याचें उत्तर असें कीं ट्वेन यांनीं मिसिसिपी नदीच्या परिसरांतील निरनिराळ्या बोली बुद्ध्या जशाच्या तशा लिहिल्या आहेत. आपल्याकडेही कोंकणांतील माणूस एक तऱ्हेनें बोलतो, वऱ्हाडांतील दुसऱ्या तऱ्हेनें. बोली हा दोष नव्हे, परंतु प्रसंग ओळखावा लागतो. अर्ज बोलींत लिहीत नाहींत. त्याच पुस्तकांत काळ्या लोकांसंबंधीं एक अपमानाचा शब्द वारंवार येतो. तो तेथें कां आला आणि आपण तो कां उच्चारूं नये हें वर्गांत उघड सांगितलें पाहिजे. वर्णलेखनाचेंही तसेंच आहे. नोआ वेब्स्टर यांनीं १८२८ सालीं आपला मोठा कोश प्रसिद्ध केला, व ‘कलर’, ‘सेंटर’ अशा शब्दांचें अमेरिकन वर्णलेखन रूढ होण्यास त्यांचे ग्रंथ मुख्यतः कारण झाले. ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही रीती शुद्ध आहेत. मात्र एका लेखांत एकच रीत पाळावी.

इंग्रजीच्या नादांत मराठी मागें पडेल अशी भीति कांहीं पालक बोलून दाखवितात. खरी रीत धरली तर तसें होण्याचें कारण नाहीं. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची म्हाताऱ्या कोळ्याची छोटी कादंबरी १९५२ सालीं निघाली, आणि पु. ल. देशपांडे यांनीं ती ‘एका कोळियाने’ या नांवानें मराठींत आणली. मोठ्या मुलांनीं दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून एक पान वाचावें. एका भाषेंतील वाक्य दुसऱ्या भाषेंत नेतांना काय काय बदलावें लागतें हें पाहिलें म्हणजे दोन्ही भाषांची प्रकृति एकदम कळते.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, किती गुण मिळाले या प्रश्नाबरोबर आज स्वतः काय लिहिलेंस हाही प्रश्न मुलास विचारावा. इंग्रजी येत नसलें तरी वही उघडून पाहतां येते, आणि वाचलेली गोष्ट मुलाकडून मराठींत ऐकतां येते. फ्रँक्लिन यांच्या वडिलांप्रमाणें आधीं गुण सांगावा, मग दोष सांगावा. चुकांनीं भरलेलें स्वतःचें पान पाहून रागावूं नये. उसन्या निर्दोष पानाहून तें अधिक मोलाचें आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत रोज अर्धा तास काढा. एक पान वाचा, त्याच्या खुणा लिहून ठेवा, चौथ्या दिवशीं पुस्तक मिटून तें पान पुन्हां लिहा आणि ताडून पाहा. शाळा उघडेल तेव्हां त्या वह्या घेऊन या. आम्ही त्या आवडीनें वाचूं.