ब्रिटनमधील ड्रायव्हिंग टेस्ट : तारीख रद्द करण्यापूर्वी दहा दिवस मोजा

प्रतिनिधी

नोकरी वा शिक्षणानिमित्त ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील वाहनचालक परवान्याचा प्रश्न कधी ना कधी भेडसावतोच. भारतीय परवान्यावर तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून केवळ बारा महिने गाडी चालविता येते. भारतीय परवाना जमा करून त्याबदल्यात ब्रिटिश परवाना मिळण्याची सोय नाही. त्यामुळे कितीही वर्षे सफाईने गाडी चालविली असली तरी आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष चाचणी देण्यावाचून पर्याय उरत नाही. या चाचणीची तारीख मिळविणे जितके अवघड, तितकेच ती रद्द करण्याचे नियमही काटेकोर आहेत. हे नियम माहीत नसल्यास पैशांबरोबर कित्येक महिन्यांवर पाणी सोडावे लागते.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही चाचणी 'ड्रायव्हर अँड व्हेइकल स्टँडर्ड्स एजन्सी' अर्थात 'डीव्हीएसए' ही सरकारी यंत्रणा घेते. (उत्तर आयर्लंडची व्यवस्था स्वतंत्र आहे.) मोटारीच्या प्रत्यक्ष चाचणीचे शुल्क कामाच्या दिवशी ६२ पौंड, तर सायंकाळी, शनिवार-रविवारी व सार्वजनिक सुट्टीला ७५ पौंड आहे. पूर्वी तीन दिवस आधी कळविले की हे शुल्क परत मिळत असे. ८ एप्रिल २०२५पासून मात्र ही मुदत कामाचे पूर्ण दहा दिवस अशी वाढविण्यात आली. आयत्या वेळी रिकाम्या राहणाऱ्या जागा अन्य उमेदवारांना मिळाव्यात, हा त्यामागील हेतू.

दिवस कसे मोजावेत?

बहुतेकांची गफलत होते ती येथेच. सोमवार ते शनिवार हे कामाचे दिवस मानले जातात. रविवार व सार्वजनिक सुट्ट्या वगळल्या जातात. चाचणीचा दिवस मोजायचा नाही आणि आपण कळवितो तो दिवसही मोजायचा नाही. समजा, चाचणी २२ तारखेला सोमवारी आहे आणि मध्ये एकही सुट्टी नाही. २० तारखेच्या शनिवारपासून मागे मोजत गेल्यास दहावा दिवस १० तारखेचा बुधवार येतो. म्हणजेच कळविण्याची अखेरची तारीख ९, मंगळवार. 'अजून दोन आठवडे आहेत' अशा अंदाजाने चालणाऱ्याची मुदत हुकण्याचा संभव अधिक. नाताळ किंवा ईस्टरच्या सुट्ट्या मध्ये आल्यास ही तारीख आणखी मागे जाते. चाचणी रद्द न करता केवळ तारीख बदलायची असली तरी हीच मुदत लागू होते. लेखी चाचणीसाठी मात्र कामाच्या पूर्ण तीन दिवसांची पूर्वसूचना पुरेशी ठरते.

मुदत उलटल्यानंतर रद्द केल्यास शुल्क बुडते आणि नव्या तारखेसाठी पुन्हा पैसे भरावे लागतात. आजारपण, निकटवर्तीयाचे निधन किंवा शालेय परीक्षा अशा कारणांसाठी पुराव्यासह परताव्याचा अर्ज करता येतो. खराब हवामानामुळे वा परीक्षक आजारी पडल्याने यंत्रणेनेच चाचणी रद्द केली, तर नवी तारीख वेगळे शुल्क न आकारता दिली जाते. यंत्रणेने ऐनवेळी रद्द केल्यास उमेदवाराला झालेल्या खर्चाची भरपाईही मागता येते; मात्र हवामानाच्या कारणासाठी ती मिळत नाही.

पैशांपेक्षा वेळ महाग

बासष्ट पौंडांची झळ एकवेळ सोसता येईल; खरा तोटा रांगेतील जागा जाण्याचा आहे. ब्रिटनच्या 'नॅशनल ऑडिट ऑफिस'च्या डिसेंबर २०२५मधील अहवालानुसार, फेब्रुवारी २०२०मध्ये सरासरी पाच आठवडे असलेली प्रतीक्षा सप्टेंबर २०२५मध्ये बावीस आठवड्यांवर गेली होती. नवागतांसाठी हा हिशेब अधिकच बिकट आहे. चाचणीच्या दिवसाआधीच्या बारा महिन्यांत किमान १८५ दिवस तेथे वास्तव्य असावे लागते, तर भारतीय परवाना वर्षभरात निरुपयोगी होतो. हाती राहतात जेमतेम सहा महिने. त्यात एक तारीख हुकली की वर्ष उलटलेच म्हणून समजावे. त्यानंतर 'प्रोव्हिजनल' अर्थात शिकाऊ परवान्यावर, 'एल' पाटी लावून आणि शेजारी अनुभवी परवानाधारक बसवूनच गाडी चालविता येते. नोकरीच्या ठिकाणी एकट्याने गाडीने जाणाऱ्यांची त्यामुळे मोठीच अडचण होते. शिवाय लेखी चाचणीचे प्रमाणपत्रही दोनच वर्षे ग्राह्य असते.

या टंचाईचा लाभ दलालांनी उठविला. चाचण्यांच्या तारखा अडवून त्या चढ्या दराने विकल्या जाऊ लागल्या. त्याला आळा घालण्यासाठी नोंदणी केवळ उमेदवारालाच करू देण्याचा आणि तारीख बदलण्याच्या संधी कमी करण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केला. त्यामुळे 'आधी मिळेल ती तारीख घेऊ, मग बदलू' हे धोरण यापुढे महागात पडू शकते.

तात्पर्य, तारीख निश्चित होताच दिनदर्शिकेवर चाचणीच्या दिवसाबरोबर रद्द करण्याची अखेरची तारीखही लिहून ठेवावी. त्या दिवशी आपली तयारी प्रामाणिकपणे जोखावी. सराव अपुरा वाटल्यास नोंदणी थेट रद्द करण्याऐवजी ती पुढे ढकलता येते का, हे आधी पाहावे. मुलगा वा मुलगी ब्रिटनला निघाली असल्यास तिच्या सामानात परवान्याबरोबर ही माहितीही आवर्जून द्यावी.