फुटलेली काच आणि क्लेमचं गणित

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडतो आणि महागड्या मर्सिडीजच्या पुढच्या काचेला तडा जातो. आता बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. कारण ही नुसती काच नसते. दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा, त्यावर पावसाचा सेन्सर, आरशामागे कॅमेरा. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही आलंच.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर विषय तिथेच संपतो. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर गाडी उघडण्याआधी फोटो काढावेत, कंपनीला कळवावं आणि सर्व्हेअरच्या पाहणीची वाट पाहावी. आधी काच बदलून मग बिल पाठवणाऱ्यांचे क्लेम हमखास अडकतात.

काचेवर घसारा कापला जात नाही, ही दिलासादायक बाब. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र 50 टक्के कापला जातो. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे शून्य घसाऱ्याचं जादा संरक्षण, घेतलं असेल तर तोही वाचतो. शिवाय 1500 सीसीवरच्या गाडीला क्लेममधले सक्तीचे 2000 रुपये खिशातून जातात.

खरी मेख नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीत आहे; क्लेम केला की ती जाते. समजा, स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम 1 लाख आहे आणि बोनस 50 टक्के. मग 30,000 रुपयांच्या क्लेमसाठी पुढच्या वर्षीची 50,000 रुपयांची सवलत घालवणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. काही पॉलिसींमध्ये बोनस वाचवणारं संरक्षण असतं, तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी आपली पॉलिसी एकदा वाचा.