उभ्या विमानांस वाहनांचे धक्के : अदृश्य हानीचा प्रश्न

विमानाचा अपघात म्हटला की उड्डाण, अवतरण आणि हवामान यांचाच विचार प्रथम मनात येतो. विमान धावपट्टी सोडून गेटपाशी स्थिर उभे राहिले की धोका संपला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः विमानास इजा होण्याचे पुष्कळ प्रसंग याच अवस्थेत घडतात. जमिनीवर होणाऱ्या हानीचा जागतिक खर्च २०३५ पर्यंत वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. उभ्या विमानाची बहुतांश हानी यांत्रिक वाहने त्याच्या धडावर आदळल्याने होते, असेही त्या अभ्यासात नमूद आहे. तथापि प्रश्नाचे मर्म खर्चाच्या आकड्यात नाही. धक्का बसल्याचे कळले तर विमान रोखून धरता येते. ज्यास ते कळले त्याने सांगितलेच नाही, तर काय होते, हा खरा प्रश्न होय.

धक्के बसण्याची कारणे

विमान गेटपाशी येताच सामानाचे पट्टावाहक, खाद्यपदार्थांचे ट्रक, इंधनाच्या टाक्या, शिड्या आणि विमान मागे ढकलणारे टग त्याच्याभोवती गोळा होतात. लहान पल्ल्याच्या विमानाची सर्व कामे बहुधा अर्ध्या-पाऊण तासात उरकावयाची असतात. यांपैकी कित्येक वाहनांचे काम विमानाच्या अगदी लगत गेल्याशिवाय होतच नाही. म्हणजे अंतर राखणे हा येथे पुरेसा उपाय ठरत नाही. शिवाय उभे विमान पूर्णतः स्थिरही नसते. सामान व प्रवासी उतरले की ते किंचित वर उचलले जाते. इंधन व माल भरला की खाली बसते. त्यामुळे योग्य अंतरावर लावलेले वाहनसुद्धा काही वेळाने धडास टेकू शकते. विमानाजवळ येताना ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेक तपासणे, वाहन मागे घेताना मार्गदर्शक उभा ठेवणे, चाकांस अडसर लावणे, हे नियम याच कारणासाठी घालून दिलेले आहेत.

काही धक्के लपण्यासारखे नसतात. डिसेंबर २०१५ मध्ये कोलकाता विमानतळावर एक प्रवासी बस उभ्या एटीआर विमानावर आदळली. जुलै २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर मालवाहू ट्रक उभ्या विमानाच्या पंखास लागला. अशा प्रसंगी विमान तात्काळ सेवेतून काढले जाते. आर्थिक नुकसान होते. पण ते विमान त्या स्थितीत आकाशात जात नाही.

सिअॅटलचा प्रसंग

२६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतील सिअॅटल येथे घडलेला प्रसंग याहून निराळा होता. अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ जातीचे विमान गेटपाशी उभे असता सामान हाताळणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे वाहन त्याच्या धडास लागले. पत्रा फाटला नाही. त्यावर केवळ एक चुणी पडली. कर्मचाऱ्याने ही गोष्ट त्या वेळी कोणासही सांगितली नाही. बर्बँककडे निघालेले विमान सुमारे २६,००० फूट उंचीवर पोहोचले असता मोठा आवाज झाला, केबिनमधील दाब झपाट्याने उतरला आणि प्राणवायूचे मुखवटे खाली आले. वैमानिकांनी विमान त्वरेने खाली आणून सिअॅटलला सुखरूप उतरविले. धडास सुमारे ३० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद भोक पडलेले आढळले. धक्का लागल्याची कबुली त्या कर्मचाऱ्याने नंतर दिली.

जमिनीवर न फाटलेला पत्रा आकाशात का फाटला, याचे उत्तर साध्या गणितात आहे. मोठ्या उंचीवर केबिनच्या आतील व बाहेरील दाबांतील फरक सुमारे ५५ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे साडेपाच टन भार, इतका होतो. धड हे पातळ भिंतीचे दंडगोल मानल्यास पत्र्यातील परिघीय प्रतिबल हे दाब व त्रिज्या यांच्या गुणाकारास जाडीने भागून मिळते. त्रिज्या १.७ मीटर व जाडी १ मिलिमीटर धरली, तर ते दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९३ न्यूटन येते. आतील कडी व पट्ट्या यांपैकी काही भार उचलतात. अखंड पत्रा उरलेला भार सहज पेलतो. परंतु चुणीच्या ठिकाणी पत्रा वाकलेला व दुर्बल झालेला असतो आणि प्रतिबल तेथेच एकवटते. धक्का जमिनीवर बसतो. त्याची परीक्षा मात्र आकाशात होते.

संमिश्र पदार्थांची अडचण

अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक गुण असा की त्यावर आघाताची खूण बहुधा उमटते. २०११ मध्ये सेवेत आलेले बोइंग ७८७ आणि २०१५ मध्ये आलेले एअरबस ए३५० यांची धडे मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्राची आहेत. हा पदार्थ वाकून पुन्हा पूर्ववत् होतो. वाहनाच्या पुढील रबरी गादीमुळे आघात विस्तृत क्षेत्रावर पसरला, तर बाहेरचा पृष्ठभाग जसाच्या तसा दिसतो आणि आतील कडी मात्र तडकतात, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगांत दिसून आले आहे.

येथे ऊर्जेचे प्रमाणही लक्षात घेण्यासारखे आहे. १ किलोग्रॅमचे हत्यार ३ मीटर उंचीवरून पडले तर सुमारे ३० ज्यूल ऊर्जा मिळते. ३ टनांचे वाहन सेकंदास २ मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आले तर त्याची गतिज ऊर्जा ६,००० ज्यूल, म्हणजे दोनशे पट, असते. श्राव्यातीत तरंगांनी आतील हानी शोधता येते. परंतु प्रत्येक उड्डाणापूर्वी संपूर्ण धड तपासणे शक्य नाही. कोठे तपासावयाचे हे आधी कोणीतरी सांगावे लागते.

निष्कर्ष

यावरून असे दिसते की या साखळीतील पहिले मापनयंत्र म्हणजे वाहन चालविणारा मनुष्य होय. त्याने दिलेली वार्ता नोकरी जाण्याच्या भीतीने दडपली गेली, तर पुढील सर्व यंत्रणा आंधळी होते. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०१४ च्या ३७६ क्रमांकाच्या नियमावलीने प्रामाणिक चुकीची वार्ता देणाऱ्यास संरक्षण दिले आहे. हेतुपुरस्सर वा अक्षम्य बेपर्वाईस मात्र ते लागू नाही. हा भेद केवळ औदार्याचा नव्हे. चूक करणाऱ्यास शिक्षा आणि सांगणाऱ्यासही तीच शिक्षा असेल, तर न सांगणे हेच त्याच्या हिताचे ठरते. आणि त्या मौनाचे मूल्य विमानात बसलेल्या, धक्क्याची वार्ताही नसलेल्या माणसांना द्यावे लागते.